कॅसेटमधील सूर संगणकात : भोर-वेल्ह्यातील घरांसाठी मार्गदर्शन

भोर (प्रतिनिधी) : घरातील संगणक हे गाणी ऐकण्याचे आणि जपून ठेवण्याचे उत्तम साधन आहे. शहरात मात्र संगणकावरील संगीत म्हणजे इंटरनेटवरून येणारी गाणी, असे समीकरण झाले आहे. भोर आणि वेल्हे तालुक्यांत ते पुरेसे ठरत नाही. हिरडस मावळ, वेळवंड खोरे, पानशेत धरणामागील गावे, केळदचा परिसर अशा डोंगराआडच्या भागांत रेंज बेभरवशाची असते. (वेल्हे तालुक्याचे नाव ‘राजगड’ करण्यास राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मान्यता दिली. येथे वाचकांच्या परिचयाचे जुने नाव वापरले आहे.)

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. येथील घरांत असलेले सर्वांत मोलाचे संगीत कोणत्याही कंपनीने कधी विकलेलेच नाही. गावच्या अखंड हरिनाम सप्ताहातील कीर्तन, भजनी मंडळाचा काकडा, यात्रेतील ढोल-लेझीम, लग्नानंतरचे जागरण-गोंधळ, आजीच्या आवाजातील जात्यावरच्या ओव्या हे सारे एखाद्या टेपरेकॉर्डरवर, एखाद्या कॅसेटमध्ये, एकाच प्रतीत असते. इंटरनेटवर ते शोधून सापडणार नाही. कॅसेटला बुरशी लागली किंवा फीत तुटली, की ते कायमचे गेले.

या दोन्ही तालुक्यांत आणखी एक बाब ध्यानात घ्यावी लागते. भाटघर, पानशेत, वरसगाव, नीरा-देवघर या धरणांमुळे अनेक गावांना मूळ जागा सोडावी लागली. त्यांतील काही गावठाणे कॅसेटच्या जमान्यात उठली. जुन्या देवळात झालेल्या शेवटच्या सप्ताहाची कॅसेट एखाद्या घरात असेल, तर ती त्या गावाच्या आवाजाची एकमेव नोंद ठरू शकते. म्हणून घरच्या संगणकाची मांडणी करताना ‘कोणती गाणी ऐकायला मिळतील’ हा प्रश्न दुसरा ठेवावा. ‘आपल्याकडे जे आहे ते कसे टिकेल’ हा पहिला ठेवावा.

संगणक कोणता हवा?

यासाठी नवा किंवा महागडा संगणक लागत नाही. ध्वनी हाताळण्याचे काम संगणकाच्या दृष्टीने हलके असते. दहा वर्षांपूर्वीचा संगणकही ते सहज करतो. मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’चे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद केले. त्यामुळे अनेक घरांतील संगणक आता बाजूला पडले आहेत. इंटरनेटला न जोडता केवळ संगीतासाठी ते वापरता येतात. जोडायचेच असल्यास त्यांवर ‘लिनक्स मिंट’ किंवा ‘उबंटू’ ही मोफत प्रणाली बसवून घ्यावी.

डेस्कटॉप आणि लॅपटॉप यांत निवड करता येत असेल, तर आपल्या भागात लॅपटॉप बरा. त्याला स्वतःची बॅटरी असल्याने वीज गेली तरी सुरू असलेले ध्वनिमुद्रण वाया जात नाही. डेस्कटॉप असल्यास त्याला यूपीएस जोडणे आवश्यकच समजावे. ऐन लिखाणाच्या वेळी वीज गेल्यास हार्ड डिस्कवरील फाइल खराब होऊ शकते. पावसाळ्याच्या तोंडी वळवाच्या पावसात विजा कडाडत असतात, तेव्हा संगणक, अॅम्प्लिफायर आणि इंटरनेटची वायर तिन्ही सॉकेटमधून काढून ठेवावीत. केवळ बटन बंद करून भागत नाही.

जागेची चिंता करण्याचे कारण नाही. सीडीच्या दर्जाच्या, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिट, स्टिरिओ ध्वनीला मिनिटाला सुमारे १०.६ एमबी जागा लागते. ६० मिनिटांची एक कॅसेट सुमारे ६३५ एमबी होते. शंभर कॅसेटना ६४ जीबीच्या आसपास जागा पुरते. १ टीबीच्या एका डिस्कवर एका घराचाच नव्हे, तर अख्ख्या वाडीचा संग्रह मावेल.

आधी सीडी, मग कॅसेट

कामाला सुरुवात सीडीपासून करावी. ते काम लवकर उरकते आणि हात बसतो. २००० नंतरच्या दशकात लग्नाच्या, बारशाच्या आणि गावजत्रेच्या ध्वनिमुद्रणांच्या सीडी घरोघरी पोचल्या. त्या कंपनीत छापलेल्या नसून संगणकावर ‘राइट’ केलेल्या असतात. त्यांच्यातील रंगद्रव्याचा थर उन्हाने, उष्णतेने आणि दमटपणाने खराब होतो. कंपनीने विकलेली सीडी एक वेळ थांबू शकेल. घरी किंवा स्टुडिओत ‘राइट’ केलेली सीडी मात्र आधी उतरवून घ्यावी.

आताच्या लॅपटॉपना सीडी ड्राइव्ह नसतो. यूएसबीवर चालणारा बाहेरचा ड्राइव्ह स्वस्त मिळतो. सीडीवरील गाणी नुसती ‘कॉपी-पेस्ट’ करून येत नाहीत, ती वाचून घेणारा प्रोग्रॅम लागतो. विंडोजसाठी ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’ हा प्रोग्रॅम व्यक्तिगत वापरास मोफत आहे. चरे पडलेल्या जागा तो पुनःपुन्हा वाचतो आणि कोठे चूक राहिली ते सांगतो. सीडी पुसताना मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी. गोल फिरवून पुसल्यास चरा गाण्याच्या मार्गाच्या दिशेने पडतो आणि वाचन अडते.

कॅसेट : वाजवण्यापूर्वी

फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये आणलेली कॅसेट पुढे ग्रामीण महाराष्ट्राची वही बनली. टू-इन-वन टेपरेकॉर्डरमुळे रेडिओवरचे गाणे आणि ओसरीवरचे भजन दोन्ही एकाच यंत्रावर टिपता येऊ लागले. ते यंत्र आता दुर्मीळ आहे. म्हणून चालू स्थितीतील जुना डेक किंवा टेपरेकॉर्डर कोणाकडे असेल, तर तो भंगारात जाऊ देऊ नये.

वाजवण्यापूर्वी प्रत्येक कॅसेट उजेडात धरून पाहावी. फितीच्या गुंडाळीवर पांढरी भुकटी किंवा ठिपके दिसल्यास ती बुरशी होय. अशी कॅसेट सरळ यंत्रात घालू नये. ती बुरशी हेडला लागते आणि तेथून पुढच्या कॅसेटना लागते. अशा कॅसेट वेगळ्या काढून कोरड्या जागी ठेवाव्यात आणि जाणकाराकडून स्वच्छ करून घ्याव्यात.

चांगल्या दिसणाऱ्या कॅसेटही अनेक वर्षे एकाच स्थितीत पडून असतात. त्यांची फीत आधी एकदा पुढे व एकदा मागे पूर्ण फिरवून घ्यावी, म्हणजे चिकटलेले वेढे मोकळे होतात. फितीवर दाबणारा छोटा स्पंज निखळला असेल, तर आवाज दबका येतो. एखाद्या रिकाम्या कॅसेटमधून तो काढून बसवता येतो. स्क्रूने जोडलेल्या कॅसेट उघडणे सोपे असते. चिकटवलेल्या कॅसेटची फीत दुसऱ्या खोक्यात हलवावी लागते.

यंत्राचे हेड आणि रबरी रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसावेत. दर पाच-सहा कॅसेटनंतर हे करावे. जुन्या यंत्रांचा बेल्ट सैल झालेला असतो आणि त्यामुळे वेग कमी होतो. कॅसेटचा ठरलेला वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर आहे. त्यात सुमारे ६ टक्के फरक पडला, की सूर एका पट्टीने सरकतो. काळी एकमधील भजन पांढरी एकमध्ये किंवा त्याच्या खाली ऐकू येते. त्यामुळे वेग तपासण्याचे सोपे साधन भजनी मंडळाकडेच असते, ते म्हणजे पेटी. कंपनीने काढलेली, सुस्थितीतील एखादी कॅसेट लावून तिचा सूर पेटीच्या स्वराशी ताडून पाहावा. तो दोन स्वरांच्या मध्ये पडत असेल, तर बेल्ट बदलून घ्यावा आणि मगच पुढे जावे.

गावाकडील ध्वनिमुद्रणांत एक उलटा दोषही आढळतो. सेलवर चालणाऱ्या टेपरेकॉर्डरचे सेल उतरत आले, की फीत हळू फिरत असे. हळू फिरताना टिपलेले गाणे पुढे योग्य वेगाच्या यंत्रावर जलद आणि वरच्या पट्टीत वाजते. कीर्तनाच्या उत्तरार्धात बुवांचा आवाज बारीक होत गेल्यासारखा वाटला, तर त्यामागे बहुधा हेच कारण असते. हा दोष नंतर संगणकावर सुधारता येतो.

जोडणी

टेपरेकॉर्डरपासून संगणकापर्यंत आवाज नेण्यासाठी साधी वायर लागते. डेकला मागे ‘लाइन आउट’ अशी लाल-पांढऱ्या पिनांची जागा असते. ती नसल्यास हेडफोनच्या जागेतून आवाज घ्यावा आणि यंत्राचा आवाज साधारण निम्म्यावर ठेवावा.

डेस्कटॉपला मागील बाजूस निळ्या रंगाची ‘लाइन इन’ जागा असते, तेथे ही वायर लावावी. गुलाबी जागा माइकची असते. ती फार संवेदनशील असल्याने तेथे जोडल्यास आवाज फाटतो. बहुतेक लॅपटॉपना ‘लाइन इन’ नसतेच. त्यांच्यासाठी ‘लाइन इन’ असलेले यूएसबी ऑडिओ इंटरफेस हे छोटे उपकरण घ्यावे. आतच कॅसेट घालून थेट यूएसबीवर चालणारे स्वस्त वॉकमनसारखे प्लेअर बाजारात दिसतात. त्यांचा वेग स्थिर नसतो. एकमेव प्रत असलेल्या कॅसेटसाठी ते वापरू नयेत.

जोडणीनंतर स्पीकरमधून सतत ‘हूं’ असा आवाज येत असेल, तर दोष बहुधा घरातील अर्थिंगचा असतो. जुन्या वाड्यांत आणि घरांत हा अनुभव नेहमीचा आहे. अशा वेळी लॅपटॉपचा चार्जर काढून तो बॅटरीवर चालवून पाहावा. आवाज थांबल्यास ध्वनिमुद्रण बॅटरीवरच करावे. दोन्ही यंत्रे एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावल्यानेही फरक पडतो.

ध्वनिमुद्रण

‘ऑडॅसिटी’ हा प्रोग्रॅम मोफत असून विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतो. त्यात आवक म्हणून ‘लाइन इन’ किंवा यूएसबी उपकरण निवडावे. ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झ आणि शक्य असल्यास २४ बिट ठेवावे. ४८ किलोहर्ट्झ व २४ बिटमध्ये तासाला सुमारे १ जीबी जागा लागते.

आवाजाची पातळी ठरवताना कॅसेटमधील सर्वांत मोठा भाग आधी वाजवून पाहावा. गजर टिपेला पोचतो किंवा ढोलावर टिपरू पडते, तो भाग शोधावा. त्या वेळी मीटर उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील, अशी पातळी ठेवावी. मीटर शून्याला टेकला, की आवाज कापला जातो आणि तो पुन्हा मिळत नाही. पातळी थोडी कमी राहिली तरी नंतर वाढवता येते. मूळ ध्वनिमुद्रणातच ढोलाचा आवाज फाटलेला असेल, तर मात्र त्यावर पुरता उपाय नाही.

कॅसेट उतरवायला ती वाजते तेवढाच वेळ लागतो. ९० मिनिटांच्या कॅसेटला ९० मिनिटे द्यावी लागतात. घाई करण्याची युक्ती नाही. दोन्ही बाजू पूर्ण उतरवाव्यात आणि मध्येच शांतता आली म्हणून यंत्र बंद करू नये. घरगुती कॅसेटमध्ये भजन संपल्यावर पुढे कोणाचे तरी बोलणे, मुलांचा गलका किंवा रेडिओवरील बातम्या टिपलेल्या असतात. काही वर्षांनी त्यालाही मोल येते.

मूळ प्रत तशीच ठेवावी

उतरवून झाल्यावर आवाज ‘स्वच्छ’ करण्याचा मोह होतो. ऑडॅसिटीमध्ये खरखर कमी करण्याची सोय आहे. ती जपून वापरावी. भजनातील टाळांची किणकिण आणि फितीची खरखर या दोन्ही गोष्टी उंच स्वरांच्या पट्ट्यात असतात. खरखर जास्त काढली, तर टाळही बोथट होतात आणि पाण्याखालून आल्यासारखे वाटतात. म्हणून मूळ फाइलला हात न लावता तिची दुसरी प्रत करावी. खरखर कमी करणे, वेग सुधारणे, गाणी वेगळी करणे ही सर्व कामे त्या प्रतीवर करावीत. पुढे अधिक चांगली साधने येतील, तेव्हा मूळ फाइल हाताशी असेल.

फाइलचा प्रकार

‘वेव्ह’ हा प्रकार आवाज जसाच्या तसा ठेवतो, पण जागा जास्त घेतो. ‘फ्लॅक’ हा प्रकारही आवाज जसाच्या तसाच ठेवतो, मात्र फाइल घडी घातल्यासारखी लहान होते. बहुधा ती मूळच्या निम्मी ते दोन तृतीयांश भरते. फ्लॅक २००१ पासून वापरात असून तो सर्वांसाठी खुला आहे आणि २०२४ मध्ये त्याला इंटरनेट मानक म्हणून अधिकृत रूप मिळाले. फाइल पुढे खराब झाली आहे का, हे तपासण्याची खूण या प्रकारात आतच असते. जपून ठेवण्याची प्रत फ्लॅकमध्ये असावी.

‘एमपी३’ प्रकार कानाला कमी जाणवणारा भाग गाळून फाइल लहान करतो. गाळलेला भाग परत आणता येत नाही. १२८ केबीपीएसच्या एमपी३ला तासाला सुमारे ५८ एमबी, तर ३२० केबीपीएसला १४४ एमबी जागा लागते. तालुक्याच्या बाजारपेठेतील मोबाईल दुकानांतून मेमरी कार्डवर भरून मिळणारी गाणी सहसा कमी दर्जाच्या एमपी३ची असत. त्यांत टाळ-झांजांचा आवाज फिसकटल्यासारखा का येतो, याचे उत्तर येथे मिळते. झांजेचा आवाज एमपी३ला सर्वांत अवघड जातो. मोबाईलवर पाठवण्यासाठी एमपी३ करावी, पण ती फ्लॅकवरून करावी. एमपी३वरून पुन्हा फ्लॅक केल्याने दर्जा वाढत नाही.

नाव-गाव लिहिलेच पाहिजे

‘ट्रॅक ०१’ नावाच्या शंभर फाइली म्हणजे नावे न लिहिलेल्या छायाचित्रांची पेटी होय. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला एक वेगळे फोल्डर करावे. त्याच्या नावात आधी वर्ष, मग गाव, मग प्रसंग असा क्रम ठेवावा, म्हणजे यादी आपोआप लागते. आकडे देवनागरी वापरावेत की इंग्रजी, हे एकदाच ठरवावे. दोन्हींची सरमिसळ झाल्यास क्रम बिघडतो.

नावे मराठीत लिहिताना युनिकोड देवनागरीच वापरावी. जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली नावे दुसऱ्या संगणकावर निरर्थक चिन्हांसारखी दिसतात. फ्लॅक फाइलच्या आत गायक, रचनाकार, वर्ष इत्यादी माहिती भरण्याची सोय असते आणि ती देवनागरी बिनचूक ठेवते. एमपी३मधील माहितीची पहिली जुनी पद्धत शीर्षकाला केवळ ३० अक्षरे देत असे आणि तीत देवनागरीची सोय नव्हती. आताच्या प्रोग्रॅममध्ये नवी पद्धत निवडावी.

आपल्या संगीतात ‘गायक’ हा एक रकाना पुरत नाही. ‘गीतरामायणा’चेच उदाहरण घ्यावे. ग. दि. माडगूळकर यांची ही ५६ गीते पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६ मध्ये प्रसारित झाली, तेव्हा ती निरनिराळ्या गायकांनी गायिली होती. पुढे घरोघरी पोचली ती संगीतकार सुधीर फडके यांच्या स्वतःच्या आवाजात. केवळ शीर्षक लिहिले, तर आपल्याकडील प्रत कोणती हे समजणार नाही. गावच्या भजनासाठी तर अभंग कोणाचा, चाल कोणाची, विणेकरी कोण, पखवाज कोणाचा, पेटीवर कोण, सप्ताह कोणत्या देवळात झाला हे सारे लिहावे लागते.

ही माहिती कॅसेटच्या पुठ्ठ्यावर क्वचितच असते. ती वडीलधाऱ्यांच्या स्मरणात असते. म्हणून कॅसेट उतरवताना त्यांना शेजारी बसवावे, ऐकता ऐकता ते जी नावे सांगतील ती टिपून घ्यावीत आणि साध्या मजकुराच्या फाइलमध्ये त्याच फोल्डरात ठेवावीत. या साऱ्या कामातील हा भाग पुढे ढकलण्यासारखा नाही. यंत्र पुढच्या वर्षीही मिळेल, आवाज ओळखणारे माणूस मिळेलच असे नाही. कॅसेटच्या पुठ्ठ्याचे छायाचित्रही काढून ठेवावे.

ऐकण्याची व्यवस्था

संग्रह तयार झाल्यावर ऐकण्याचा प्रश्न सोपा आहे. विंडोजवर ‘फूबार २०००’ किंवा ‘म्युझिकबी’, तर सर्वत्र ‘व्हीएलसी’ हे मोफत प्लेअर चालतात. फ्लॅक आणि एमपी३ दोन्ही त्यांत वाजतात.

संगणकातील आकड्यांचे विद्युत लहरींत रूपांतर करणाऱ्या भागाला ‘डॅक’ म्हणतात. तो प्रत्येक संगणकात असतोच. काही संगणकांत मात्र तो पंख्याच्या आणि डिस्कच्या विद्युत गोंगाटाजवळ असल्याने स्पीकरमध्ये बारीक किरकिर ऐकू येते. तशी किरकिर असेल, तरच यूएसबीवर चालणारा बाहेरचा डॅक घ्यावा. किरकिर नसेल, तर ते पैसे स्पीकरवर खर्च करणे शहाणपणाचे. ऐकण्यातला सर्वांत मोठा फरक स्पीकरनेच पडतो. आतच अॅम्प्लिफायर असलेल्या स्पीकरच्या जोडीला संगणकाची वायर लावली, की काम होते. लाकडी कपाटात कोंबून ठेवण्याऐवजी स्पीकर कानाच्या उंचीवर, भिंतीपासून थोडे पुढे ठेवावेत.

देवळात हरिपाठासाठी किंवा सप्ताहात भजनी मंडळाच्या अॅम्प्लिफायरला संगणक जोडायचा असेल, तर तो ‘ऑक्स’ असे लिहिलेल्या जागी जोडावा, माइकच्या जागी नव्हे.

इंटरनेट नसताना घरभर संगीत

वाय-फाय आणि इंटरनेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इंटरनेट बंद असले, तरी घरातील राउटर संगणक आणि मोबाईल यांना एकमेकांशी जोडतो. संगणकावरील संगीताचे फोल्डर ‘शेअर’ केले, की त्याच वाय-फायवरील मोबाईलमध्ये व्हीएलसी उघडून ते ऐकता येते. ओसरीवर, स्वयंपाकघरात किंवा गोठ्यात, जेथवर राउटर पोचतो तेथवर गाणे पोचते. त्यासाठी डेटा खर्च होत नाही.

इंटरनेटवरील संगीतसेवा वापरू नयेत, असा याचा अर्थ नाही. रेंज असेल तेथे त्यांचा लाभ अवश्य घ्यावा. पण ते संगीत भाड्याचे असते, हे विसरू नये. २०१४ मध्ये सुरू झालेली एअरटेलची ‘विंक म्युझिक’ ही सेवा कंपनीने २०२४ मध्ये गुंडाळली आणि तेथे जमवलेल्या याद्यांचा उपयोग संपला. घरच्या डिस्कवरील फाइलला असा धोका नसतो. तिला धोका असतो तो डिस्क बिघडण्याचा.

तीन प्रती, दोन घरे

हार्ड डिस्क आज ना उद्या बिघडतेच, असे धरूनच चालावे. जाणकारांचा साधा नियम असा : तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक प्रत दुसऱ्या ठिकाणी. एक प्रत संगणकात, दुसरी बाहेरच्या यूएसबी डिस्कवर. भोर-वेल्ह्यातील बहुतेक घरांतील कोणी ना कोणी पुण्यात किंवा मुंबईत नोकरीला असते. तिसरी प्रत त्यांच्याकडे द्यावी. गणपतीला किंवा यात्रेला माणसे गावी येतात, तेव्हा त्या डिस्कवर वर्षभरातील नव्या फाइली भराव्यात. इंटरनेट चांगले असेल, तर ही प्रत ऑनलाइन साठवणीतही ठेवता येते.

दुसरी डिस्क सतत संगणकाला जोडून ठेवू नये. विजेचा एक झटका दोन्ही डिस्क एकाच वेळी नेऊ शकतो. घाटमाथ्याजवळच्या पावसाळी गावांत ती हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी. कॅसेटही तशाच ठेवाव्यात. बाहेरच्या भिंतीला लागून असलेले कपाट टाळावे, पावसाळ्यात त्या भिंतीला ओल येते. वर्षातून एकदा तिन्ही प्रतींतील काही फाइली वाजवून पाहाव्यात आणि पाचेक वर्षांनी डिस्क बदलावी. पेनड्राइव्ह हे ने-आण करण्याचे साधन आहे, जपणुकीचे नव्हे. कॅसेट उतरवून झाली म्हणून फेकून देऊ नये. तीच मूळ आहे.

कायदा आणि सौजन्य

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कंपनीने प्रसिद्ध केलेल्या ध्वनिमुद्रणाचे हक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे राहतात. गीत आणि संगीत यांचे हक्क वेगळे असून ते रचनाकाराच्या निधनानंतर ६० वर्षे टिकतात. खासगी, व्यक्तिगत वापराला कायद्यात रास्त मर्यादेत मुभा आहे. मात्र विकत घेतलेल्या कॅसेटच्या प्रती वाटणे, विकणे किंवा इंटरनेटवर चढवणे त्यात बसत नाही.

गावच्या भजनाच्या किंवा आजीच्या ओव्यांच्या बाबतीत प्रश्न केवळ कायद्याचा नसतो. ते गाणे गाणाऱ्याचे असते. ते बाहेर प्रसिद्ध करण्यापूर्वी गायकाला, तो हयात नसल्यास त्याच्या घरच्यांना विचारावे आणि प्रसिद्ध करताना नाव व गाव द्यावे.

मोठ्या संग्रहांचा धडा

घरगुती कॅसेटसाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर पुणे जिल्ह्यातच आहे. समाजशास्त्रज्ञ हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी जिल्ह्याच्या डोंगरी पट्ट्यातील कष्टकरी स्त्रियांबरोबर काम करताना जात्यावरच्या ओव्या जमवण्यास सुरुवात केली. पुढे हे काम महाराष्ट्रभर पसरले आणि एक लाखाहून अधिक ओव्या लिहून झाल्या. १९९० च्या दशकाच्या मध्यास संगणकतज्ज्ञ व संगीत-अभ्यासक बर्नार्ड बेल त्यांना येऊन मिळाले. त्यांच्या सहभागाने सुमारे १२० तासांचे ध्वनिमुद्रण झाले. २००४ मध्ये पॉइटवां आणि २०१० मध्ये राईरकर यांचे निधन झाले. तरीही २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने त्या ओव्या संकेतस्थळावर आणल्या आणि त्या जगभर ऐकता येऊ लागल्या. हे शक्य झाले, कारण प्रत्येक ओवीबरोबर गाणारीचे नाव, गाव आणि तालुका नोंदवलेला होता.

अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचे लोकसंगीत व अभिजात संगीताच्या ध्वनिमुद्रणांचे संग्रहालयही १९८२ मध्ये पुण्यातच सुरू झाले. नंतर ते दिल्लीला आणि पुढे गुरुग्रामला गेले. जुन्या ध्वनिमुद्रिकांसाठी मुंबईत १९९० मध्ये ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ स्थापन झाली. अशा संस्था प्रत्येक वाडीपर्यंत पोचू शकत नाहीत. घराघरांत नीट नावे घालून ठेवलेला संग्रह असेल, तर पुढे एखाद्या अभ्यासकाला किंवा त्याच घरातील नातवंडाला त्याचा उपयोग होईल.

काम मोठे वाटत असेल, तर क्रम साधा ठेवावा. घरात ज्याची दुसरी प्रत कोठेही मिळणार नाही, अशा कॅसेट आधी बाजूला काढाव्यात. त्यांतील ज्या कॅसेटमधील आवाज ओळखणारी व्यक्ती सर्वांत वयस्कर असेल, ती पहिली उतरवावी. आठवड्याला एक कॅसेट एवढ्या गतीनेही वर्षाला ५० कॅसेट होतात. बाजारात विकत मिळणारी गाणी त्यानंतर उतरवली, तरी काही बिघडत नाही.